मधुमेही रुग्ण आणि हृदयरोगावरील औषधांचे दुष्परिणाम : असोदा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
जळगावनजीकचे असोदा हे कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव. शेतीतील कष्ट, केळी आणि व्रतवैकल्ये ही या परिसराच्या जीवनाची अंगे होत. मधुमेह व हृदयविकार एकाच व्यक्तीत असल्यास नेमक्या याच गोष्टी औषधांच्या परिणामांशी निगडित होतात. प्रस्तुत लेखात त्यांचा परामर्श घेतला आहे.

१) बीटा ब्लॉकर्स :
रक्तातील साखर ७० मि.ग्रॅ.पेक्षा खाली गेली की अॅड्रेनॅलिन स्रवते. छाती धडधडते, हात थरथरतात. ही धोक्याची सूचना होय. प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल ही औषधे तीच सूचना दडपतात. घाम मात्र वेगळ्या मज्जातंतूंमार्फत येत असल्याने तो कायम राहतो. इन्सुलिन वा ग्लिमेपिराइड घेणारा रुग्ण एकादशीचा उपवास धरून शेतात गेला, तर हा घाम उन्हाचा समजला जातो आणि रुग्ण बेशुद्ध होण्याची भीती असते. अशा वेळी साखर तपासावी. ते शक्य नसल्यास त्वरित साखर खाऊ घालावी.

२) रामिप्रिल, टेल्मिसार्टन इत्यादी :
ही औषधे मूत्रपिंडाचे रक्षण करतात. परंतु शरीरात पोटॅशियम साठू शकते. मूत्रपिंड आधीच क्षीण असल्यास किंवा सोबत स्पायरोनोलॅक्टोन चालू असल्यास हृदयाची लय बिघडू शकते. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मि.ग्रॅ. पोटॅशियम असते. त्यामुळे केळी सर्वांना वर्ज्य ठरत नाहीत. मात्र क्रिएटिनिन व पोटॅशियमची तपासणी आवश्यक ठरते. कमी सोडियमच्या मिठातही पोटॅशियम असते, हे ध्यानात घ्यावे.

३) थायझाइड व स्टॅटिन :
ही दोन्ही औषधे रक्तातील साखर किंचित वाढवू शकतात. 'लॅन्सेट'मधील २०१० च्या १३ चाचण्यांच्या विश्लेषणानुसार २५५ व्यक्तींनी ४ वर्षे स्टॅटिन घेतल्यास एकास अधिक मधुमेह होतो. हृदयविकार व पक्षाघात टाळण्याचा लाभ त्याहून कितीतरी मोठा आहे.

निष्कर्ष :
दुष्परिणाम कळताच गोळ्या परस्पर बंद करणे, हाच सर्वांत मोठा धोका होय. बीटा ब्लॉकर अचानक थांबविल्यास हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारणे, सर्व औषधांची यादी जवळ बाळगणे व नियमित तपासणी करणे हे मार्ग सुलभ आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामशिबिरांतून प्राध्यापकांनी एवढे जरी घरोघरी पोहोचविले, तरी काही जीव निश्चितच वाचतील.