संक्रांतीसाठी संत्र्याचे घरगुती सरबत
शेंदूरजनाघाट परिसरात आंबिया बहाराचा तोडा झाला की व्यापाऱ्याने नाकारलेली बारीक फळे बागाईतदाराच्या दारी उरतात. ती वाया न दवडता गृहिणींनी त्यांचे टिकाऊ सरबत करावे.

निरोगी फळे धुऊन सोलावीत व रस काढून गाळावा. बिया चिरडल्यास अथवा रस तापविल्यास त्यास कडवटपणा येतो. म्हणून १ लिटर पाण्यात पावणेदोन किलो साखर व ३० ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून केवळ पाक उकळावा. तो पूर्ण निवाल्यावर १ लिटर रस मिसळावा. तयार सरबताच्या दर लिटरला अर्धा ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट काटेकोर मोजून, थोड्या पाण्यात विरघळवून घालावे आणि उकळून वाळविलेल्या बाटल्यांत भरावे. हळदीकुंकवास तिळगुळासोबत तिप्पट पाणी घालून द्यावे.