सहा वर्षांचं मूळ आणि बाटलीतला थेंब

लेबल वाचताना : लेखांक १२

गेल्या आठवड्यात नायसिनामाइडवर लिहिलं आणि दोनच दिवसांनी माझी भाची एक बाटली घेऊन घरी आली. "मावशी, हे बघ. तुझ्या त्या नायसिनामाइडपेक्षा भारी. यात जिनसेंग आहे." बाटली देखणी होती. मधाच्या रंगाची जड काच, समोर मुळाचं नाजूक रेखाचित्र. मी चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली. पाणी, ग्लिसरीन, ब्युटिलीन ग्लायकॉल असं करत बोट खाली सरकत गेलं. फिनॉक्सिइथेनॉल मागे पडलं, आणि सुगंधाच्या एक घर अलीकडे ते नाव सापडलं : विथानिया सोम्निफेरा. म्हणजे अश्वगंधा. आपली आस्कंद.

"पण पुढे जिनसेंग लिहिलंय!" लिहिलं होतंच. त्याच्या डोक्यावर बारीक टाइपात 'इंडियन' असंही लिहिलं होतं.

अश्वगंधेला 'इंडियन जिनसेंग' म्हणायची रीत जुनी आहे, पण दोघांचं गोत्र वेगळं. आस्कंद ही वांगी-मिरचीच्या कुळातली. जिनसेंग आयव्हीच्या कुळातलं. एकीत विथानोलाइड्स, दुसऱ्यात जिनसेनोसाइड्स. अश्वगंधा कमअस्सल आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही, फक्त ती जिनसेंग नाही. 'सायबेरियन जिनसेंग'चंही तसंच. ती वनस्पती त्याच कुळातली, पण जिनसेंग नव्हे. अमेरिकेने तर २००२ साली कायदाच केला की पॅनॅक्स प्रजातीखेरीज दुसऱ्या कशालाही तिथे जिनसेंग म्हणून विकता येणार नाही. आपण आज ज्याबद्दल बोलतोय ते पॅनॅक्स जिनसेंग, कोरियाचं 'इन्साम'. चिनी भाषेत या नावाचा अर्थच 'माणूस-मूळ' असा. पांढुरक्या गाजराला दोन पाय फुटावेत आणि वर बारीक दाढी लोंबावी, तसा त्याचा आकार. पॅनॅक्स हे नाव आलं ग्रीकमधून, 'सर्व रोगांवरचं औषध' या अर्थाच्या शब्दावरून. इतकं मोठं नाव मिळालं की त्या वनस्पतीकडून लोक काय काय अपेक्षा करणार, हे ओघानं आलंच.

दक्षिण कोरियात गुमसान नावाचा तालुका आहे. जिनसेंगचा व्यापार म्हटलं की कोरियन माणसाच्या तोंडी हेच नाव येतं, आणि तिथल्या पारंपरिक जिनसेंगशेतीला २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने जागतिक कृषी वारशाचा दर्जा दिला. तिथली शेतं लांबून बघितली तर पीक दिसतच नाही, दिसतात एका बाजूला उतरत्या काळ्या छपरांच्या रांगा. हे जंगलातल्या सावलीत वाढणारं झाड. थेट ऊन त्याला सोसत नाही, म्हणून प्रत्येक वाफ्यावर मांडव. पूर्वी गवताचे असत, आता काळ्या कापडाचे. उत्तम मूळ मिळायला सहा वर्षं लागतात. दर हिवाळ्यात वरचा दांडा गळतो आणि मुळाच्या मानेवर एक व्रण ठेवून जातो. जाणकार ते व्रण मोजून वय सांगतो, आपल्याकडे गाईच्या शिंगावरची वळी मोजून वेतं सांगतात तसं. एकदा पीक निघालं की ती जमीन दमते. पुन्हा तिथेच जिनसेंग लावलं तर मुळं कुजतात, म्हणून दहा-दहा वर्षं दुसरी जागा शोधावी लागते. मूळ महाग का, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

ओलं मूळ ते 'सुसाम', सोलून वाळवलेलं 'बेकसाम' आणि वाफवून वाळवलेलं तांबूस 'होंगसाम', म्हणजे रेड जिनसेंग. हा लाल रंग वरून दिलेला नसतो. दूध आटवताना बासुंदीला जी तांबूस झाक येते, तीच रासायनिक क्रिया इथेही होते. वाफेने मुळातली संयुगंही बदलतात. कच्च्या मुळात नगण्य असलेलं आरजी-३ नावाचं जिनसेनोसाइड वाफवल्यावर तयार होतं. त्यामुळे बाटलीवर 'रेड' लिहिलं असेल तर तो निव्वळ जाहिरातीचा शब्द नाही, त्याला अर्थ आहे.

कोरियात हे मूळ आधी पोटात गेलं. भर उन्हाळ्यात कोंबडीच्या पोटात तांदूळ नि जिनसेंग भरून उकळलेलं सूप तिथे आजही रांगा लावून खातात. चेहऱ्यावर ते डबीबंद होऊन आलं ते बरंच अलीकडे. केसोंग हे जिनसेंगचं जुनं व्यापारी शहर, आता उत्तर कोरियात आहे. १९३०च्या दशकात तिथे युन दोक-जोंग नावाची बाई घरच्या स्वयंपाकघरात कॅमेलियाच्या बियांचं तेल काढून केसांसाठी विकायची. तिच्या मुलाने, सुह सुंग-व्हानने, १९४५ साली कंपनी काढली. तीच आजची अमोरेपॅसिफिक. तिने १९६६ साली 'एबीसी जिनसेंग क्रीम' बाजारात आणलं, आणि पुढे १९९७ साली 'सुलव्हासू' हा ब्रँड. आज आपल्या ऑनलाइन दुकानांत जिनसेंगच्या ज्या डझनावारी बाटल्या दिसतात, त्यांची वंशावळ इथवर जाते.

आता मुद्द्याचं. हे त्वचेला लावून होतं काय?

जिनसेंगमधले नावाजलेले घटक म्हणजे जिनसेनोसाइड्स. शंभराहून जास्त प्रकार आजवर वेगळे केले गेलेत. रसायनशास्त्राच्या वर्गवारीत ही सॅपोनिन्स, म्हणजे रिठ्या-शिकेकाईला फेस आणणाऱ्या घटकांची दूरची भावंडं. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या त्वचेच्या पेशींवर त्यांचे परिणाम चांगले दिसतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी कोलॅजेन तोडणारं एक विकर वाढतं, ते जिनसेनोसाइड्समुळे कमी होतं. २००४ साली कोरियन संशोधकांनी दाखवलं की 'कंपाउंड के' नावाचा यातलाच एक रेणू, त्वचेत पाणी धरून ठेवणारं हायलुरॉनिक आम्ल तयार करणाऱ्या जनुकाला चालना देतो. मात्र हे बशीतल्या पेशींवर आणि केस नसलेल्या उंदरांवर.

बशीतल्या पेशीला दार नसतं. आपल्या त्वचेला असतं, आणि ते बरंच घट्ट असतं. सर्वांत वरचा मृत पेशींचा थर मोठ्या रेणूंना आत घेत नाही. साधारण ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू निरोगी त्वचेतून सहसा पार होत नाही, असा ठोकताळा आहे. जिनसेंगमधलं आरबी-१ हे मुख्य जिनसेनोसाइड सुमारे ११०० डाल्टनचं. त्याच्या पाठीवर शर्करेची चार ओझी असतात. आपण जिनसेंग खातो तेव्हा आतड्यातले जिवाणू त्यातली तीन उतरवतात. उरतो तो कंपाउंड के, सुमारे ६२० डाल्टनचा. चेहऱ्यावर तसे जिवाणू कुठून आणायचे? म्हणून काही कंपन्या हेच काम कारखान्यात विकरांकडून करवून घेतात, काही अर्क आंबवतात. 'फर्मेंटेड जिनसेंग'मागची खटपट ही आहे. मला हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. निदान दार बंद आहे हे कुणीतरी मान्य केलं!

माणसांवरचे प्रयोग आहेत, पण थोडे आणि लहान. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका कोरियन चाचणीत चाळिशीपुढच्या स्त्रियांना २४ आठवडे रोज ३ ग्रॅम रेड जिनसेंगचं मिश्रण खायला दिलं. सुरकुत्या कमी झाल्या, कोलॅजेन ज्यापासून बनतं तो पूर्वघटक वाढला. त्वचेची लवचीकता आणि ओलावा मात्र होते तिथेच राहिले. शिवाय त्या मिश्रणात आणखी दोन वनस्पती होत्या, त्यामुळे श्रेय कुणाचं हा प्रश्न उरतोच. आणि ते खाल्लं होतं, लावलं नव्हतं. या विषयातलं बरंच काम सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्यांच्याच प्रयोगशाळांत झालंय, हेही लक्षात असू द्या. (म्हणून लगेच खाण्याचा बेत नको. रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जिनसेंगच्या गोळ्यांना हात लावू नये.)

मग घ्यायचं की नाही? घ्या, पण क्रीम चांगलं आहे म्हणून घ्या, मुळासाठी नव्हे. ओलावा देणारं खरं काम त्यातलं ग्लिसरीन आणि स्निग्ध पदार्थ करतात. जिनसेंग हा सोबतीचा कलाकार आहे. लेबलावर 'पॅनॅक्स जिनसेंग' हे दोन शब्द शोधा. पुढे रूट, बेरी काहीही असो. मग ते कुठे बसलंय ते बघा. यादी जास्तीकडून कमीकडे जाते, आणि फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक युरोपात नि कोरियात एक टक्क्यापेक्षा जास्त घालता येत नाही. त्याच्याही मागे जे घटक असतात, ते बहुधा एक टक्क्याच्या आतले. 'रूट वॉटर ८० टक्के' असं वाचून हुरळू नका. ते मुळाचं पाणी आहे, मूळ नव्हे, आणि पाण्यात मुळाचं किती उतरलंय हे तो आकडा सांगत नाही.

हवामानाचंही बघा. सोलचा जानेवारी शून्याखाली जातो आणि हवा कोरडी. तिथल्या थंडीत शोभणारं घट्ट जिनसेंग क्रीम मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या मे महिन्यात चेहऱ्यावर तुपासारखं बसतं. दमट हवेत पातळ इसेन्स पुरे, धुतलेल्या ओलसर चेहऱ्यावर. नागपूर-नाशिकच्या थंडीत रात्री क्रीम खुशाल लावा. सकाळी वर सनस्क्रीन हवंच, नाहीतर कोलॅजेन वाचवायला पैसे मोजायचे आणि तेच उन्हात घालवायचं, असा प्रकार होईल. पहिले दोन-तीन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. बाजारातली पावडर उकळून घरी टोनर मात्र करू नका; परिरक्षक नसलेल्या त्या काढ्यात दोन-चार दिवसांत जंतू वाढू लागतात.

भाचीची ती बाटली अजून आमच्या बेसिनपाशी आहे. मॉइश्चरायझर म्हणून बरी आहे, मी हाताला लावते. तुमच्याकडे जिनसेंगची बाटली असेल तर आज रात्री ती उलटी करून वाचा, आणि मागे कुठलं नाव निघालं ते मला कळवा. पुढच्या आठवड्यात तांदळाचं पाणी.