बोटाला शाई लागण्याआधी वस्ती काय बोलते?

२० मे २०२४ ला मुंबईतल्या सहाही लोकसभा मतदारसंघांत मतदान झालं. महाराष्ट्रातल्या ४८ जागांसाठी पाच टप्पे होते, त्यातला हा शेवटचा. ऊन कडक होतं, अनेक केंद्रांवर रांगा हलत नव्हत्या. याच रांगांत आणि रांगांच्या आजूबाजूला आपल्या लोकांचं राजकारण सर्वात मोकळेपणानं बोललं जातं. सभेत माणूस ऐकतो, टीव्हीवर बघतो. मतदानाच्या दिवशी मात्र तो स्वतः बोलतो.

घाटकोपरचं रमाबाई नगर असो, माटुंगा लेबर कॅम्प असो की वरळीच्या बीडीडी चाळी, या बोलण्याची एक रीत आहे. "कुणाला देणार?" असं थेट कुणी विचारत नाही. "यंदा काय ठरलंय?" असं विचारतात. उत्तरही थेट नसतं. "बघू, जाऊन तर येऊ आधी." या "बघू" मध्ये पुष्कळ काही असतं. कार्यकर्त्यांना ते ऐकता यावं म्हणून हा लेख.

या निवडणुकीत वस्तीवस्तीत एकच शब्द फिरत होता, संविधान. भाजपची घोषणा चारशे पारची होती. घटनाबदलासाठी तेवढं बहुमत हवं, असं कर्नाटकातले त्या पक्षाचे खासदार अनंतकुमार हेगडे मार्च महिन्यात जाहीरपणे बोलले. पक्षानं ते त्यांचं वैयक्तिक मत ठरवलं, पंतप्रधानांनीही राज्यघटना कुणी बदलू शकत नाही असं प्रचारात वारंवार सांगितलं. तरी शंका गेली नाही. शहरी विश्लेषकांना वाटलं की विरोधकांनी खोटी भीती घातली आणि भोळे लोक घाबरले. हे विश्लेषण मला आळशी वाटतं. वस्तीतल्या बाईच्या लेखी संविधान म्हणजे कपाटात ठेवलेला ग्रंथ नव्हे. पोराचा जातीचा दाखला, त्याची शिष्यवृत्ती, नवऱ्याची महापालिकेतली कायम नोकरी या वस्तू तिच्या डोळ्यांसमोर असतात. कायम नोकऱ्या जाऊन कंत्राटी कामं आली, हे तिनं पाहिलेलं असतं. आरक्षण कागदावर राहून नोकरीच नाहीशी होते, हा तिचा अनुभव असतो. तेव्हा "घटना बदलणार" हे वाक्य तिला अफवा वाटलं नाही. जे घडत होतं त्याला नाव मिळालं, इतकंच.

आता खरा पेच. संविधान वाचवायचं यावर एकमत, पण मत कुणाला द्यायचं यावर घराघरांत दोन मतं. एक बाजू म्हणते, आपला माणूस, आपला पक्ष. दुसरी म्हणते, जो पाडू शकतो त्याला द्या, मत वाया घालवू नका. वंचित बहुजन आघाडी आणि महाविकास आघाडी यांची बोलणी फिसकटली होती, त्यामुळे हा प्रश्न नेत्यांच्या टेबलावरून थेट मतदाराच्या ओट्यावर आला. नेत्यांना जे जमलं नाही ते मतदारानं एका बटणात सोडवायचं होतं.

हा पेच आपल्या निवडणूक पद्धतीतच आहे. ज्याला सर्वात जास्त मतं तो निवडून येतो. पन्नास टक्के लागत नाहीत. तीन उमेदवार असले की तिसऱ्याला मिळालेली मतं संसदेत कुठेही दिसत नाहीत. युरोपातल्या काही देशांत मतांच्या प्रमाणात जागा मिळतात, तिथे "वाया" हा शब्द इतका टोचत नाही. आपल्याकडे लहान समाजाला दोनच रस्ते उरतात. एक तर कुणाशी तरी युती करायची, नाही तर पराभव पत्करून ताकद मोजून दाखवायची.

या गोष्टी आपल्या चळवळीला नव्या नाहीत. १९५२ साली खुद्द बाबासाहेब मुंबईतून लोकसभेला उभे होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि समाजवादी पक्षाची युती होती. मतदारसंघ द्विसदस्य, प्रत्येकाला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. काँग्रेसचे नारायण काजरोळकर जिंकले, बाबासाहेब सुमारे १४ हजार मतांनी हरले. हजारो मतं बाद ठरली आणि त्याविरुद्ध बाबासाहेब व अशोक मेहता यांनी निवडणूक याचिकाही केली. "मतं कुजवली" हा शब्दप्रयोग जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी अजून ऐकू येतो. दोन वर्षांनी भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत आपल्या लोकांनी दुसरं मत कुजवावं असा सल्ला आला, तेव्हा बाबासाहेबांनी तो साफ नाकारला, ही हकीकत विदर्भात सांगितली जाते. तिथेही ते हरले. आणि १९९८ ला? काँग्रेसशी समझोता झाला आणि प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले हे चौघे एकाच वेळी लोकसभेत गेले, तेही खुल्या जागांवरून. म्हणजे युतीशिवाय जिंकता येत नाही आणि युतीत स्वतःचं अस्तित्व टिकेल याची खात्री नाही, हे दोन्ही अनुभव मतदाराच्या गाठीशी आहेत.

त्याच अनुभवावर त्यानं २०२४ ला काय केलं ते आकड्यांत बघा. २०१९ च्या लोकसभेत वंचितला राज्यात जवळपास ७ टक्के मतं होती. २०२४ ला ती ३ टक्क्यांच्या आत आली. "लोकांनी साथ सोडली" असं म्हणून विषय संपवता आला असता. पण अकोला बघा. तिथे प्रकाश आंबेडकरांना २०१९ ला सुमारे २ लाख ७८ हजार मतं होती, २०२४ ला सुमारे २ लाख ७६ हजार. राज्यभर निम्म्याहून जास्त घसरण आणि अकोल्यात जवळजवळ काहीच नाही! जिथे आपला उमेदवार लढतीत आहे असं वाटलं, तिथे लोक त्याच्यापाशी राहिले. जिथे तसं वाटलं नाही, तिथे दुसरीकडे गेले. अकोल्याची जागा भाजपनं सुमारे ४० हजारांच्या फरकानं जिंकली, काँग्रेस दुसरी आली, आंबेडकर तिसरे.

याउलट उदाहरण मुंबई उत्तर पश्चिमचं. तिथे रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांपेक्षा फक्त ४८ मतांनी पुढे राहिले. वंचितच्या उमेदवाराला १० हजारांच्या आसपास मतं होती. लगेच बोटं आपल्याकडे वळली, "तुम्ही पाडलं". पण त्याच मतदारसंघात नोटाला १५ हजारांहून जास्त मतं पडली, त्यांना कुणी जाब विचारला नाही. आणि ती १० हजार मतं मुळात आघाडीच्या मालकीची होती हे कुणी ठरवलं? मत मागायला यायचं नाही, जागावाटपात बसवायचं नाही, आणि हरल्यावर हिशेब मात्र आपल्याकडून मागायचा. युतीची गरज मलाही पटते. पण "मतं खाल्ली" ही भाषा मतदाराला माणूस न मानता शिधा मानते.

असाच दुसरा शब्द "व्होट बँक". समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५० च्या दशकात म्हैसूरकडच्या खेड्याबद्दल लिहिताना तो वापरला. त्यांच्या मनात होता गावातला मातब्बर माणूस. जमीन त्याची, कर्ज त्याचं, म्हणून कुळांची मतंही त्याच्या तिजोरीत. म्हणजे बँक ही मालकाची. आज हा शब्द बरोबर उलटा वापरतात. जे लोक आपसांत बोलून, वाद घालून, कुणा पाटलाला न विचारता एका दिशेनं मत देतात, त्यांनाच व्होट बँक म्हणतात. श्रीनिवासांच्या अर्थानं बघायचं तर जिथे मालक, ठेकेदार किंवा सोसायटीचा बिल्डर मतं फिरवतो, ती व्होट बँक.

पैशाचाही विषय येतो. पैसे वाटले जातात, हे लपवण्यात अर्थ नाही. देणारा आणि घेणारा दोघेही कायद्यानं दोषी आहेत. पण "पाचशे रुपयांत विकले गेले" हे वाक्य आपलेच कार्यकर्ते निकालाच्या दिवशी फेकतात, ते मला झोंबतं. पैसे घेऊन बटण भलतंच दाबणारे लोक प्रत्येक वस्तीत असतात, आणि पैसे न घेताही तुम्हाला न आवडणारं मत देणारे असतात. मोफत ५ किलो धान्य, नळाचं पाणी, पुनर्वसनातलं घर ही बायकांच्या बोलण्यातली कारणं आहेत, लाच नव्हे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेला संविधानाची चर्चा मागे पडली आणि लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यात जमा झाल्याची चर्चा पुढे आली. सहा महिन्यांत बायका बदलल्या नव्हत्या, समोरचा प्रश्न बदलला होता.

मत कसं ठरतं यावर पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १९४० च्या अमेरिकन निवडणुकीत ओहायो राज्यात अभ्यास केला. रेडिओ-वर्तमानपत्रांपेक्षा जवळच्या, विश्वासातल्या माणसांच्या बोलण्याचा परिणाम जास्त होतो, असं त्यांना दिसलं. आपल्या वस्तीत हा विश्वासातला माणूस बहुधा पदाधिकारी नसतो. विहारात वंदना घेणारी एखादी आजी असते, बचतगटाचा हिशेब ठेवणारी बाई असते, फॉर्म भरून देणारा पोरगा असतो. व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ त्यांच्यापाशी येऊन गाळले जातात.

आणि ही माणसं बाहेरच्याला खरं सांगतीलच असं नाही. १ जूनच्या एक्झिट पोलनी रालोआला ३५० ते ४०० जागा दिल्या होत्या, प्रत्यक्षात २९३ आल्या. यामागे अनेक कारणं असतील, पण एक साधं आहे. केंद्राबाहेर फाइल घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला घरकाम करणारी बाई किंवा सुरक्षारक्षक मनातलं का सांगेल? ज्याची रोजी दुसऱ्याच्या हातात आहे, त्याच्यासाठी गप्प राहणं हेच संरक्षण. म्हणूनच लोकनीती-सीएसडीएसचे सर्वेक्षक मतदानानंतर घरी जातात आणि नकली मतपत्रिका देऊन ती पेटीत टाकायला सांगतात, तोंडानं विचारत नाहीत. तुम्हीही "कुणाला दिलंस?" विचारू नका. "रांगेत काय बोलत होते?" विचारा, जास्त कळेल.

एवढी सगळी चर्चा करून माणूस केंद्रावर पोचतो आणि यादीत नाव नसतं, हे मात्र टाळता येण्यासारखं आहे. पुनर्वसनात इमारत बदलली, भाड्यानं दुसऱ्या गल्लीत गेले, की नाव जुन्या पत्त्यावर राहतं किंवा वगळलं जातं. पत्ता बदलासाठी नमुना ८, नव्या नावासाठी नमुना ६. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरायचं नाही. ओळख पटवून प्रदत्त मताची मतपत्रिका मागायची, तो हक्क आहे. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा लोकप्रतिनिधित्व कायद्यातला हक्क आहे, तरी कंत्राटी सफाई कामगारांना तो बहुतेक वेळा कुणी सांगतच नाही. नाव नोंदवण्यासाठी आता वर्षात चार पात्रता तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर; आणि १७ वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्ज करता येतो. विहारातल्या रविवारच्या वर्गाला येणाऱ्यांपैकी किती जण त्या वयाचे आहेत, ते या रविवारीच मोजता येईल.