सेकंदाला ५० कंपनं

लालसर तपकिरी रंगाचं, उकललेलं एक वाळकं फोल जिभेवर ठेवायचं. आधी लिंबाच्या सालीचा वास दरवळतो. मग काही क्षणांत जीभ आणि ओठ चक्क थरथरायला लागतात, झिणझिण्या येतात, बधिरपणा पसरत जातो. हे हुआज्याओ, नैर्ऋत्य चीनमधल्या सिचुआन प्रांताच्या स्वयंपाकाचा प्राण. आंबट, गोड, खारट, कडू अशा कुठल्याच चवीत ही थरथर बसत नाही, कारण तो स्पर्श आहे!

२०१३ साली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी हा स्पर्श मोजला. लोकांच्या ओठांना हुआज्याओ लावून त्यांच्या बोटाला एका यंत्राची कंपनं दिली आणि दोन्ही थरथरी कधी सारख्या वाटतात ते विचारलं. उत्तर आलं, सेकंदाला सुमारे ५० कंपनं. ओठ मात्र जागच्या जागी स्थिर असतात. फोलातलं सॅनशूल हे द्रव्य कंपनं टिपणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं आणि मेंदूला वाटतं, ओठच हलताहेत. मसाल्याने स्पर्शाची अशी हुबेहूब नक्कल करावी, ही केवढी नवलाची गोष्ट!

कोकण-गोव्यातल्या माणसाला ही झिणझिणी ओळखीची वाटेल. बांगड्याच्या आमटीत पडणारं तिरफळ हे हुआज्याओचं सख्खं भावंड. दोन्ही लिंबाच्या कुळातली, झान्थोझायलम या एकाच प्रजातीतली. काळी बी टाकून द्यायची आणि फोल वापरायचं, ही रीतही दोन्हीकडे सारखीच. गंमत म्हणजे आपल्याकडच्या गाड्यांवरच्या लालभडक ‘शेजवान’, म्हणजे सिचुआनच्याच नावाच्या, चटणीत लसूण आणि मिरची भरपूर असते, पण हुआज्याओ बहुधा नसतंच.

सिचुआनमध्ये मिरची उशिरा आली. ती मूळची अमेरिकेची. चीनमध्ये तिचा पहिला लेखी उल्लेख १५९१ सालचा आहे, तर हुआज्याओचा वापर दोन हजार वर्षांहून जुना. डोंगरांनी वेढलेल्या, ढगाळ, दमट सिचुआनमध्ये अंगातला ओलावा तिखट-उष्ण पदार्थांनी हटतो, अशी चिनी वैद्यकाची समजूत. त्या मातीत मिरची अशी रुजली की जुनी झिणझिणी आणि नवा जाळ मिळून ‘माला’ ही जोडचव तयार झाली. छंगदू शहरातला मापो तोफू हा तिचा नामांकित नमुना. त्याचा लाल तवंग पिश्येनच्या दोउबानच्यांगमधून येतो. मिरच्या आणि बाकळ्याच्या डाळिंब्या मातीच्या रांजणांत मुरवून हे वाटण करतात. ऊन असलं की झाकण उघडायचं, ढवळायचं, पाऊस आला की झाकायचं, असं वर्षभर किंवा त्याहूनही जास्त काळ चालतं.

तरी माला म्हणजे सगळं सिचुआन नव्हे. तिथले आचारी साधारण २४ जोडचवी मोजतात. ‘युश्यांग’ म्हणजे मासळीच्या वासाची चव, पण तिच्यात मासळी नसते. मुरवलेली मिरची, आलं, लसूण, कांद्याची पात, साखर आणि व्हिनेगर यांचा तो मेळ. ‘ग्वाइवेइ’, म्हणजे विचित्र चव, खारट, गोड, आंबट, तिखट आणि झिणझिणी यांना एकत्र नांदवते, तिळाच्या वाटणाच्या साथीने. हुनान प्रांतालाही मिरचीचं वेड, पण तिथे झिणझिणी मागे पडते आणि आंबूस, धुरकट तिखट पुढे येतं. दक्षिणेत ग्वांगदोंगमध्ये तर ताजा मासा आलं-कांदापातीसह नुसता वाफवतात आणि माशाची मूळ चव जपतात.

आणि सिचुआनच्याच मेजवानीतला एक मानाचा पदार्थ आहे ‘उकळत्या पाण्यातला कोबी’. ते पाणी म्हणजे खरं तर कोंबडी, बदक आणि हॅम तासन् तास उकळून काढलेला रस. कोंबडीचा खिमा त्यात सोडायचा. सगळा गढूळपणा त्याला चिकटून वर येतो आणि खाली नितळ रस उरतो. त्यात चिनी कोबीचा कोवळा गाभा. ना मिरची, ना हुआज्याओ. जीभ थरथरवण्यात जगात नाव कमावलेल्या प्रांताने आपलं सगळं कसब पाण्यासारख्या दिसणाऱ्या एका वाडग्यात ओतावं, यातच त्या स्वयंपाकाची खरी उंची कळते.