हंसाबाईंची कैफियत

पेशवाईच्या दप्तरात वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे उभय पक्षांना आपापला करीना, म्हणजे आपली कैफियत, लिहून द्यावा लागे. आपण कोण, कोणाच्या पोटी जन्मलो, भोगवटा कोठून कसा चालत आला आणि अन्याय नेमका कोणत्या ठिकाणी झाला, हे सर्व क्रमाने सांगून अखेरीस न्याय मागावयाचा, अशी त्या कागदांची धाटणी असे. निवाडा कोणाच्याही बाजूने लागो, शे-दोनशे वर्षांनी त्या रुमालांची गाठ सोडणाऱ्या अभ्यासकाला निवाड्याहून ती कैफियतच अधिक मोलाची वाटते, कारण तिच्यात माणूस स्वतःच्या तोंडाने बोलत असतो. मराठी चित्रपटाच्या दप्तरात करारनामे, जाहिराती आणि परीक्षणे यांचे रुमाल पुष्कळ असतील. परंतु नटीची कैफियत म्हणावी असा दस्तऐवज शोधू गेल्यास माझी दृष्टी प्रथम एकाच पुस्तकावर स्थिरावते, आणि ते म्हणजे हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’.

आमचे नंदुरबार हे काही हंसाबाईंचे गाव नव्हे. तरीही तापीकाठच्या वाचकाने ही कैफियत अगत्याने वाचावी, याला सबळ कारण आहे. त्यांच्या आत्मकथनावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ साली ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट काढला, तेव्हा त्या व्यथेला जिने चेहरा दिला ती स्मिता पाटील जन्माने पुण्याची असली तरी घराण्याने शिरपूरची, म्हणजे आमच्या खानदेशची. आणि त्या वेळी नंदुरबार व शिरपूर ही एकाच धुळे जिल्ह्यातली गावे होती, कारण नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. पुढे २०१३ साली हे पुस्तक इंग्रजीत गेले ते जसबीर जैन आणि शोभा शिंदे यांच्या हातून, आणि शोभाताई जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातल्या, ज्या विद्यापीठाशी नंदुरबारची महाविद्यालये संलग्न आहेत. मुंबईच्या एका नटीची जबानी अशा रीतीने दोनदा खानदेशी स्त्रियांच्या हाती आली आणि दोन्ही वेळा ती मराठी मुलखाच्या सीमेपलीकडे पोहोचली.

हंसाबाईंचे जन्मनाव रतन साळगावकर. जन्म मुंबईत, २४ जानेवारी १९२३ रोजी. घराण्यात कलावंतिणींची परंपरा होती, म्हणजे गाणे होते आणि त्या गाण्याला चिकटलेला समाजाचा तिरस्कारही होता. घरची ओढाताण वाढली तेव्हा शाळा मागे पडली आणि १९३६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, ‘विजयाची लग्ने’ या बोलपटात ही मुलगी नायिका म्हणून उभी राहिली. साळगावकर हे आडनाव पडद्यावर आले नाही. तेथे आली ती हंसा वाडकर. ज्या वयात परकर सावरीत सागरगोटे खेळावयाचे त्या वयात घराच्या चुलीखाली लाकूड घालण्याची जबाबदारी तिच्यावर पडली, आणि माझ्या मते पुढील सर्व आयुष्याचा उगम या एका गोष्टीत आहे. ती कर्ती झाली. पण कर्त्या पुरुषाला घरात जो मान व जो अधिकार आपोआप मिळतो, तो तिला मिळाला नाही.

नंतर मालाडची बॉम्बे टॉकीज. हिमांशु राय आणि देविका राणी यांनी उभारलेल्या त्या संस्थेत ‘नवजीवन’ आणि ‘दुर्गा’ हे १९३९ सालचे चित्रपट व पुढील वर्षीचा ‘आझाद’ हंसाबाईंनी केले. तेथून पुण्याच्या प्रभातमध्ये. १९४१ सालच्या ‘संत सखू’ने त्यांना महाराष्ट्राच्या देवघरात नेऊन बसविले. पंढरीची ओढ लागलेली, सासरच्या जाचाने दोरखंडांनी बांधली गेलेली आणि जिच्या जागी प्रत्यक्ष विठ्ठल बांधून घेतो अशी ती कऱ्हाडची सून साकारताना हंसाबाईंचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. त्याच मुखाने सहा वर्षांनी, राजकमलच्या ‘लोकशाहीर राम जोशी’मध्ये, तमाशातली बया उभी केली. सोलापूरचे शाहीर राम जोशी हे पेशवाईच्या उत्तरार्धातले विद्वान ब्राह्मण, आणि शास्त्र सोडून डफ हाती घेणाऱ्या त्या पंडिताला सवाल-जवाबात तोडीस तोड उत्तर देणारी बया. जयराम शिलेदारांचा भरदार गळा, ग. दि. माडगूळकरांची रचना, वसंत देसाईंचे संगीत, बाबूराव पेंटर आणि शांताराम यांचे दिग्दर्शन अशी सामग्री एकत्र आली खरी. परंतु त्या चित्रपटाने मराठीत तमाशापटांची जी वाट रुळविली, त्या वाटेवरचे पहिले ठसठशीत पाऊल हंसाबाईंचे होते. सखू आणि बया यांमध्ये मराठी समाजाने शतकानुशतके एक भिंत घातली होती. एकीला नमस्कार करावयाचा आणि दुसरीवर दौलतजादा करावयाचा. एका नटीने आपल्या देहातून दोघींनाही वाट दिली, हे तिचे कलाकर्तृत्व मला फार मोठे वाटते, आणि या कर्तृत्वाविषयी आपल्याकडे पुरेसे लिहिले गेलेले नाही.

मात्र पडद्यावरची ही बया जिच्यावरून बेतली, त्या खऱ्या फडातल्या स्त्रीचा येथे विचार करणे अवश्य आहे. आमच्याकडे दत्तजयंतीला सारंगखेड्यास एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार लागतो आणि तमाशाचे फड उतरतात. फडातल्या बाईच्या वाट्याला येणारे कष्ट आणि अवहेलना यांचे वर्णन करावे तितके थोडेच; तथापि विठाबाई नारायणगावकरांसारखी एखादी स्त्री फडाची मालकीण होऊ शकत असे, सुपारी स्वतः घेई, गाडीभाडे आणि पोटगी तिच्या हातून वाटली जाई. बोलपटाच्या झगमगाटात वावरणाऱ्या आमच्या नायिकेला एवढीही मालकी नव्हती. हंसाबाई सांगतात की लग्न झाल्यावर काम सोडून संसार करावा एवढीच आपली इच्छा होती, पण पतीची इच्छा निराळी होती. काम कोणते घ्यावयाचे हे त्याने ठरवावे, पैसा त्याने हिशेबी धरावा, आणि मेहनत करून घरी आलेल्या बायकोच्या शीलाविषयी संशयही त्यानेच घ्यावा. मूल हवे असताना गर्भपात करावा लागल्याचे त्या सांगतात, आणि मद्याची सवय जडल्याचेही आडपडदा न ठेवता सांगतात.

यानंतरचा भाग वाचताना हात थांबतो. ‘राम जोशी’ने कीर्तीच्या शिखरावर नेल्यानंतर ही स्त्री मुंबई सोडून मराठवाड्यातल्या एका सधन गृहस्थाबरोबर त्याच्या खेड्यात गेली. घर मिळेल, डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघरात मन रमवता येईल, या आशेने ती गेली. मिळाला तो पडदा आणि बंद दरवाजा. तीन-एक वर्षे तिने तेथे काढली. अखेर गुपचूप पत्र पाठवून सुटकेची याचना केली, पती पोलीस घेऊन आला, आणि सुटकेचा कागद करून देण्याचा अधिकार ज्या अंमलदाराच्या हाती होता त्यानेच तिच्यावर अत्याचार केला. फिर्यादीने दाद मागावी कोणाकडे? सखूला सोडविण्यासाठी विठ्ठल धावला होता; हंसाबाई स्वतःच स्वतःच्या पायांनी पुन्हा स्टुडिओत आल्या आणि कामाला लागल्या.

हे दुःख केवळ आपल्या मातीतले नाही. अमेरिकेत त्याच सुमारास चित्रसंस्थांचे करारनामे नटींना सात-सात वर्षे बांधून ठेवीत, आणि एखादीने भूमिका नाकारली तर निलंबनाचा काळ मुदतीत जोडून मुदत लांबवीत. ऑलिव्हिया डी हॅविलंड या अभिनेत्रीने वॉर्नर ब्रदर्सविरुद्ध दावा लावला आणि १९४४ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने तिच्या बाजूने निवाडा दिला, तेव्हा तो जाच संपला. आपल्या नायिकेचा जाच चित्रसंस्थेच्या करारनाम्यात नव्हताच, तो घरात होता, आणि घरातल्या करारावर अपील चालत नाही. दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. लिलियन रॉथ ही तिकडची नटी-गायिका. बालपणापासून आईच्या महत्त्वाकांक्षेने रंगमंचावर उभी केलेली, पुढे मद्याने ग्रासलेली. तिने १९५४ साली आपली कहाणी लेखकांच्या साहाय्याने प्रसिद्ध केली, पुढच्याच वर्षी तिच्यावर चित्रपट निघाला, सुझन हेवर्डने तिची भूमिका केली आणि तिचे कौतुक जगभर झाले. रॉथ तेव्हा हयात होती. आपले आयुष्य पडद्यावर गेले, लोकांनी ते समजून घेतले, हे समाधान तिला मिळाले.

हंसाबाईंची पुढची वाटचाल मी थोडक्यात सांगतो. राजा परांजपे यांच्या १९५० सालच्या ‘पुढचं पाऊल’मध्ये पु. ल. देशपांडे यांच्याबरोबर त्यांनी काम केले. आणि १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला, तमाशातील स्त्रीवर झालेल्या अन्यायाची कथा, जी पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालली. त्या चित्रपटात कन्येच्या भूमिकेत जयश्री गडकर होत्या आणि आईच्या भूमिकेत हंसाबाई. नायिकापद एका पिढीने दुसरीच्या ओटीत घातले. परंतु शीर्षक मात्र हंसाबाईंनी स्वतःकडे ठेवून घेतले. श्री. ग. माजगावकरांच्या ‘माणूस’ या नियतकालिकात जेव्हा त्यांची जीवनकथा आली तेव्हा तिच्या माथ्यावर हेच दोन शब्द होते, आणि १९७० साली राजहंसने काढलेल्या पुस्तकाचेही नाव तेच. शब्दांकन अरुण साधूंचे. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांनी ते पुढे विख्यात झाले, पण या पुस्तकात त्यांनी स्वतःची लेखणी अदृश्य ठेवली आहे. बाई बोलते तशी बोलू दिली आहे. तिच्या वाक्यांना अलंकार घातले नाहीत, तिच्या चुकांवर पांघरूण घातले नाही, आणि तिच्यासाठी रडण्याचा हुकूमही वाचकाला दिलेला नाही. लेखनिकाचे हे इमान मराठी गद्यात दुर्मीळ आहे.

‘भूमिका’ची पटकथा बेनेगल, गिरीश कर्नाड आणि सत्यदेव दुबे यांची. तीत नावे बदलली, प्रसंग हलविले, पात्रे नव्याने घडविली. तो चित्रपट आहे, दस्तऐवज नव्हे, आणि दोहोंची सरमिसळ करणाऱ्यांनी हंसाबाईंवर अन्यायच केला आहे. परंतु बाविशीच्या उंबरठ्यावरील स्मिताने किशोरवयापासून प्रौढ, थकलेल्या स्त्रीपर्यंतचा प्रवास ज्या संयमाने दाखविला, त्याबद्दल मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार सर्वथा योग्य होता. स्मिता १३ डिसेंबर १९८६ रोजी गेली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. हंसाबाईंनी तिला त्या भूमिकेत पाहिले नाही. त्या २३ ऑगस्ट १९७१ रोजीच, पुस्तक निघाल्यानंतर थोड्याच काळाने, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी निवर्तल्या होत्या.

त्यांची कैफियत उरली, कारण एका स्त्रीने बोलण्याचे धैर्य केले आणि एका तरुण पत्रकाराने ती प्रामाणिकपणे उतरून घेतली. ज्यांची कोणी उतरून घेतली नाही अशा किती असतील! म्हणून माझी खानदेशातल्या वाचकांना दोन कामांची विनंती आहे. नंदुरबार, शहादे, तळोदे, नवापूर येथे ज्यांच्या माळ्यावर जुन्या चित्रपटगृहांच्या अथवा तंबूतल्या सिनेमाच्या हिशेबवह्या, हस्तपत्रके, गाण्यांच्या पुस्तिका पडून असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला एक पत्र लिहावे. आणि येत्या दत्तजयंतीस सारंगखेड्याला फड उतरतील तेव्हा, बारी पाहून परतण्यापूर्वी, कनातीमागे एखाद्या वयस्क कलावतीजवळ घटकाभर बसावे. तिची अनुमती असेल तर तिचे सांगणे तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि खाली तिचे नाव, गाव व तारीख घालण्यास विसरू नये.