स्टेपनी आणि जॅक : जुन्या जीपमध्ये कुठे ठेवायचे, कसे बांधायचे

आपला कार्यक्रम ऐकणाऱ्या काही गटांकडे आता स्वतःची गाडी आहे. बहुतेक ठिकाणी ती जुनी महिंद्रा जीप. दुधाचे कॅन, भाजीची क्रेटं, बाजाराचा माल त्याच गाडीत. रात्री-अपरात्री एखाद्या अडलेल्या बाईला तालुक्याला न्यायचं झालं तरी तीच. तिच्या डिझेलबद्दल, पासिंगबद्दल, विम्याबद्दल बैठकीत बोलणं होतं. पंक्चर झालं तर काय, हे मात्र ड्रायव्हरवर सोडलेलं असतं. म्हणून आज आम्ही दोनच वस्तूंबद्दल बोलणार आहोत, स्टेपनी आणि जॅक. त्या गाडीत असतात हे सगळ्यांना माहीत असतं. त्या कशाने बांधल्या आहेत आणि आपल्या हाताने निघतात का, हे बघितलेलं नसतं.

आधी नावाची गंमत सांगतो. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. पंक्चर झालं की रस्त्यातच टायर काढून ट्यूब सांधायची. १९०४ च्या सुमारास ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात, लानेली गावी डेव्हिस नावाच्या भावांनी एक तयार, हवा भरलेली धाव विकायला काढली. ती पंक्चर चाकाच्या शेजारी अडकवायची आणि गाडी पुढे न्यायची. त्यांचं दुकान ज्या रस्त्यावर होतं त्याचं नाव स्टेपनी स्ट्रीट. त्या रस्त्याचं नाव चाकाला पडलं आणि आपल्याकडे अजून टिकलं. हाच शब्द काही पुरुष दुसऱ्या बाईसाठी हसत हसत वापरतात, ते आम्हाला मुळीच आवडत नाही. ज्या चाकावर रात्री जीव अवलंबून असतो त्याची चेष्टा कशाला आणि बाईची तर त्याहून कशाला?

जीप मुळात अमेरिकन लष्करासाठी बनलेली गाडी. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्राने मुंबईत विलीज कंपनीच्या जीपा जोडायला सुरुवात केली, आणि तोच साचा पुढे कितीतरी वर्षं चालला. त्यामुळे जुन्या जीपची स्टेपनी बाहेर असते, कुठे मागच्या बाजूला, कुठे कडेच्या पत्र्यावर. आत माणसांना आणि सामानाला जागा राहते आणि चाक लगेच हाताला लागतं. अॅम्बेसिडर किंवा पद्मिनीसारख्या जुन्या मोटारीत ते डिक्कीत असतं. तिथे पंक्चर झालं की आधी सगळा माल रस्त्यावर उतरवावा लागतो. बाहेरची जागा चांगलीच आहे, फक्त तिची काळजी घ्यावी लागते.

जीपच्या ६.०० – १६ मापाच्या टायरचं चाक, रिम आणि ट्यूबसकट, साधारण २५ किलो भरतं. म्हणजे सिमेंटचं अर्धं पोतं. ते पत्र्याला टांगलेलं आहे आणि खड्ड्याखड्ड्याला हिसके खातं. जुना पत्रा बोल्टच्या भोवतीच कुजतो. चाक दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. नुसतं चाक हललं तर नट ढिले आहेत, ते आवळले की झालं. चाकाबरोबर पत्राही आतबाहेर होत असेल तर नुसतं आवळून उपयोग नाही. वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याच्या आतल्या बाजूने लोखंडी पट्टी बसवून घ्या, म्हणजे वजन एका भोकावर न येता मोठ्या जागेवर पसरेल. मागच्या दारावर स्टेपनी असेल तर बिजागऱ्या बघा. दार बंद करताना उचलून लावावं लागत असेल तर बिजागरी झिजली आहे असं समजा.

बसवताना हवेचा व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला ठेवावा. एवढ्याशा गोष्टीने फार फरक पडतो. व्हॉल्व्ह आत गेला की हवा बघायला सगळं चाक उतरवावं लागतं, मग कुणी बघतच नाही. न वापरलेल्या चाकातलीही हवा महिन्याला एखाद-दोन पाउंड कमी होत जाते. वर्षभर न बघितलेली स्टेपनी ऐन वेळी मऊ निघते ती यामुळे. गाडीला लागते त्यापेक्षा चार-पाच पाउंड हवा जास्तच भरून ठेवा. जास्त असली तर रस्त्यात सोडता येते, कमी असली तर आणायची कुठून?

काही जण स्टेपनी वरच्या कॅरिअरवर टाकतात. आमचं मत विरुद्ध आहे. गाडीचा भार वर जातो आणि घाटाच्या वळणावर ती जास्त कलते. शिवाय रात्री २५ किलोचं चाक डोक्यावरून उतरवणार कोण?

आता जॅक. हा बहुतेक गाड्यांत सीटखाली नाहीतर पायाशी मोकळा पडलेला असतो. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आदळली तर गाडी थांबते, जॅक थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जातो. हा वेग किती, तर ३२ – ३३ फूट खोल कोरड्या विहिरीच्या काठावरून टाकलेला दगड तळाला पोचताना जेवढा असतो तेवढा. चार किलोचं लोखंड त्या वेगाने कुणाच्या पायावर किंवा मांडीवरच्या लेकरावर आलं तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून जॅकला जमिनीच्या पत्र्यावर पक्की जागा हवी. एक लोखंडी कडी आणि वरून पट्टा, किंवा झाकणाची पेटी, तीही बोल्टने बसवलेली. गोणपाटात गुंडाळलं की खडखडाट थांबतो, पण तेवढ्याने जॅक जागेवर राहत नाही.

तेलाचा बाटलीसारखा जॅक असेल तर तो उभाच ठेवावा, दट्ट्या पूर्ण खाली आणि चावी बंद. आडवा पडून राहिला तर तेल झिरपतं, आत हवा शिरते आणि दांडा कितीही हलवला तरी तो उचलत नाही. पेचाचा जॅक असेल तर आट्यांना ग्रीस लावून ठेवा. आणि एक तपासणी घरीच, अंगणात करून बघा. एका चाकाची हवा पूर्ण सोडा आणि मिटलेला जॅक आसाखाली जातो का ते बघा. टायर बसला की आस दोन-चार इंच खाली येतो. जॅक भरल्या टायरला जातो आणि बसलेल्याला जात नाही, असं बऱ्याचदा निघतं.

जॅकच्या पेटीतच आणखी तीन गोष्टी हव्यात. एक फूट लांब-रुंद, दोन इंच जाड बाभळीची फळी, कारण काळ्या मातीत जॅक गाडी उचलायच्या आधी स्वतःच रुततो. पान्याच्या दांड्यात बसेल असा दोन फुटी लोखंडी पाइप. आणि दोन लाकडी पाचरी.

या पाचरींबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माणसं दबतात ती इथेच. मोटारीचा हँडब्रेक मागची चाकं धरतो. अनेक जुन्या जीपांत तो चाकं धरतच नाही, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट धरतो. दोन्ही चाकं जमिनीवर आहेत तोवर गाडी हलत नाही. मागचं एक चाक हवेत उचललं, की आसाच्या मधल्या गोळ्यातले गिअर आपलं काम करतात. शाफ्ट अडलेलाच राहतो, पण हवेतलं चाक एका दिशेने आणि जमिनीवरचं दुसऱ्या दिशेने फिरू शकतं. म्हणजे हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घसरते. गिअरमध्ये ठेवली तरी तेच. म्हणून उतार असो वा नसो, समोरासमोरच्या चाकाला, म्हणजे मागचं डावं उचलायचं तर पुढच्या उजव्याला, दोन्हीकडून पाचर. फोर-व्हील चालू असलेली जीप असेल तर तेही लावा, पण पाचरी सोडू नका. सगळ्यांनी खाली उतरायचं, रस्त्यापासून दूर उभं राहायचं. गाडीखाली डोकं घालायचं नाही.

दुसरी फसगत नटांची. काही जुन्या जीपांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. नट किंवा स्टडच्या टोकावर ‘एल’ हे इंग्रजी अक्षर कोरलेलं दिसतं. हे नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की सुटतात. हे माहीत नसेल तर सोडवायच्या नादात आपण आणखी आवळत बसतो आणि पाइप लावून जोर दिला की स्टडच तुटतो. उजेडात एकदा बघा आणि दाराच्या आतल्या बाजूला रंगाने बाण काढून ठेवा.

नट अर्धा फेरा ढिले करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. जॅक आसाखाली, चाकाच्या जवळ, फळीवर. टायर जमिनीपासून दोन बोटं सुटला की पुरे. चाक छातीशी धरून उचलू नका, पोटुशी बाईने तर त्याला हातच लावू नये. चाकासमोर बसा, टायरखाली पान्याचा दांडा सरकवा आणि चाक तरफेने वर ढकला. नटाची निमुळती बाजू आत. आवळताना शेजारचा नट न घेता समोरचा घ्यायचा, नाहीतर चाक तिरकं बसतं. चाळीस-पन्नास किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा आवळा.

स्टेपनी वापरली नाही म्हणून ती नवी राहत नाही. ऊन लागून रबराला चिरा पडतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षांवर गेलेला टायर, नक्षी शाबूत असली तरी, भरवशाचा नाही. जाड कापडाचं आवरण शिवून घ्या, आपल्या गटात शिवणयंत्रं आहेतच. तळाशी भोक ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी साठून रिम गंजेल.

स्टेपनीला कुलूप असेल तर त्याची किल्ली गाडीच्याच किल्लीच्या जुडग्यात ठेवा, ड्रायव्हरच्या घरी नको. आणि उतरवलेलं पंक्चर चाक ब्रॅकेटला लावून विसरू नका. दुसऱ्या दिवशी पहिली फेरी पंक्चरच्या दुकानाची. ते चाक दुरुस्त होईपर्यंत तुमच्या गाडीला स्टेपनी नाही, असं धरून लांबचं भाडं घेऊ नका.