मस्टरवरचं नाव

२०२५च्या डिसेंबरात दोन बातम्या पाठोपाठ आल्या. ८ तारखेला पुण्यात बाबा आढाव गेले, वय ९५. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. गांधींचं नाव काढलं म्हणून वाद रंगला, तो रंगायलाच हवा होता. पण माझं मन अडकलं ते आतल्या कलमांत. आधी मजूर काम मागायचा आणि पैसा त्या मागणीच्या मागून यायचा. आता कुठल्या राज्याला किती, हे केंद्र आधीच ठरवणार. खर्चाचा ४० टक्के भार राज्यावर. शिवाय पेरणी-काढणीच्या दिवसांत वर्षाकाठी ६० दिवस कामं बंद ठेवायची. १०० दिवसांचे १२५ झाले, हे खरं. ताट मोठं झालं, वाढणाऱ्याचा हात आखडला.

बंद ठेवायची, कारण शेतमालकांना मजूर मिळत नाहीत म्हणे. ही तक्रार मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा अकरा वर्षांचा होतो.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, आष्टीकडचं. १९७२चा पावसाळा असा आलाच नाही. त्याआधीची दोन वर्षंही ओढग्रस्तीची होती, त्यामुळे कणगीत शिल्लक काहीच नव्हतं. गावाबाहेर रस्त्याचं दुष्काळी काम निघालं आणि आई खडी फोडायला जाऊ लागली. सायकलच्या जुन्या ट्यूबचं कडं करून त्यात दगड धरायचा आणि हातोडीनं फोडायचा. डाव्या अंगठ्यावर चिंधी. दिवसभराचा ढीग मोजला जायचा ब्रासवर, आणि मोजणारा मुकादम ढिगाकडे कमी नि बाईकडे जास्त बघायचा. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा आमच्यातल्या कुणाची ते मोठ्यानं बोलायची टाप नव्हती. त्याच मुकादमाला पुढे गावानं सरपंच केलं.

रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना चिरायची, खाताना घशात अडायची. कामावर पोरांना सुकडी वाटत. तिचा खमंग वास मला अजून आठवतो, आणि खरं सांगायचं तर त्या वर्षीचं माझं सगळ्यात सुखाचं खाणं तेच होतं. दुष्काळाच्या आठवणी लिहिणारे हे सहसा कबूल करत नाहीत.

मे १९७३मध्ये राज्यात पन्नासेक लाख माणसं अशा कामांवर होती. महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा पाच कोटी. म्हणजे म्हातारीकोतारी, तान्ही पोरं धरून दर दहांतला एक माणूस खडी नाहीतर माती वाहत होता. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. आमच्याकडे लाटणं होतं, लाटायला काही नव्हतं. दोन आठवड्यांचा पगार थकला तेव्हा आमच्या बाया पायी तहसीलीवर गेल्या आणि दारात बसल्या. आई त्यांच्यात होती. संध्याकाळी पगार वाटपाचा हुकूम निघाला. आपण मागितलं आणि सरकारनं दिलं, हे आईच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना १९६५मध्येच तासगाव तालुक्यात करून पाहिली होती. पण तिचा कायदा झाला तो अशा दारात बसलेल्या बायांच्या जोरावर, असं माझं ठाम मत आहे. विधिमंडळाच्या इतिहासात ते सापडणार नाही. १९७७ला कायदा मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ला लागू झाला. गावच्या ५० जणांनी मागितलं की काम उघडायचं, १५ दिवसांत द्यायचं, नाहीतर भत्ता. खर्चासाठी १९७५पासून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. वाचकहो, तुमच्या पगारपत्रकातून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ना, ते मुळात या खडीचे.

त्या कामांतून आमच्या शिवारात पाझर तलाव झाला. आईनं त्याच्या भरावावर दोन उन्हाळे माती टाकली. तलाव भरला आणि खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी चढलं. विहिरी कुणाच्या? ज्यांची जमीन त्यांच्या. आम्हाला जमीन नव्हती, आणि त्यातल्या सगळ्यात जवळच्या विहिरीवर आमच्या वस्तीच्या बाईला पाय ठेवू देत नसत. घागर खाली ठेवून कुणी वाढेल याची वाट बघायची. आढावांची ‘एक गाव एक पाणवठा’ मोहीम त्याच वर्षांतली. आमच्या भागातल्या एका सभेला माझे वडील, बापू, मला बरोबर घेऊन गेले होते. भाषण मला कळलं नाही. सभा संपल्यावर बापू बराच वेळ गप्प होते, तेवढं आठवतं. ती विहीर आम्हाला खुली व्हायला पुढची अनेक वर्षं लागली, आणि खुली झाली तेव्हा तिला पाणी नव्हतं.

पुढची वीस-पंचवीस वर्षं मी भराभर उलटतो, कारण ती पेंगत पेंगत गेली. मस्टरवर मेलेल्यांची नावं चढली, हजेरीचे पैसे वाटेत मुरले. १९९०पासून रोजगार हमीच्या पैशांतून फळबागा उभ्या राहिल्या. वाईट काही नव्हतं, पण झाड लावायला जमीन लागते! दिल्लीनं २००५ला देशभराचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राची पाठ थोपटली गेली. तोवर आमच्याकडे कामं कमी आणि ऊसतोडीचे कोयते जास्त झाले होते.

बाहत्तरला धान्य नव्हतं, पण पाणी गढूळ का होईना, विहिरीच्या तळाशी होतं. पुढे बोअर दोनशे, चारशे, सहाशे फूट गेले. वर साखर कारखाने आणि ऊस. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, ते पावसानं एकट्यानं केलेलं नाही. आणि तो ऊस तोडायला बीडमधून दर दिवाळीला जोडप्यांच्या गाड्या निघतात. २०१९मध्ये सरकारनेच केलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२ हजार ऊसतोड बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही. गावात हमीचं काम नेमकं ऊसतोडीच्याच महिन्यांत हवं होतं, म्हणजे कोयता उचलावा लागला नसता.

गेल्या महिन्यात गावी गेलो. तलावात गाळ भरला आहे, कडेनं वेड्या बाभळी. आई आता चौऱ्याऐंशीची आहे. डाव्या अंगठ्याचं नख तेव्हा फुटलं ते परत सरळ आलंच नाही. तिला नव्या कायद्याचं समजावून सांगितलं. पैसा आता वरून ठरणार म्हणालो. ती बराच वेळ ते नख चोळत बसली. मग म्हणाली, “मंग काम मागाया तहसीलीवर जायचं का दिल्लीला?”